शिल्लक

सकाळी सातला मी ड्यूटीवरून येते तेव्हा
तूरे अजून त्याच दुकानाच्या दारात असतो.
पडद्यावर धूर, उलटीपालटी ढकलगाडी,
आणि शीतपेयांच्या कपाटाआड ती तिघं.
डुलत. दबा वगैरे धरून नाहीत, नुसती आहेत.
तूरेच्या हातात तोच लोखंडी पाइप,
खेळ सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सापडलेला.

वर कोपऱ्यात आकडा लुकलुकतो: ५८.
अठ्ठावन्न गुण, एकही न मोडलेला.
एवढ्यात चिलखत येतं, लांब पल्ल्याची बंदूक येते,
अंधारात बघणारे डोळे येतात,
आणि आणखी एक काहीतरी, ज्यानं मेलं तरी मरायला होत नाही.
यालमारीनं फोनवर कितीदा सांगितलं,
"बाबा, अपग्रेड घ्या. त्रिकोण दाबा. फक्त त्रिकोण."
तूरे म्हणतो, हो हो.
आणि दाबत नाही.

मी बूट काढते. मोज्यांत वितळलेला बर्फ.
केमीत डिसेंबरातली सकाळ म्हणजे
कुणी निळं फडकं खिडकीवर वाळत घालावं तशी;
अकरापर्यंत कसंबसं वाळतं, दोनला काढून नेतात.

कारण विचारलं होतं एकदा.
म्हणाला, कागद कारखान्यात दर दोन वर्षांनी
यंत्राला काहीतरी नवीन बसवायचे.
बसवलं की केक असायचा.
केकनंतर यादी.
दुसऱ्या दिवशी म्हणाला, तसं काही नाही गं,
त्या मेनूतली अक्षरंच फार बारीक आहेत.
दोन्हींतलं खरं कुठलं, मी खणत बसले नाही.

पण कान तयार झालेत त्याचे.
"ऐक," म्हणतो, "हा डावा पाय ओढतो.
ओढणं संपून पुढचं पाऊल पडेपर्यंत
चार आकडे होतात. चारात मी फ्रीजपाशी.
बाई ठार बहिरी आहे, पण उजेडाला येते.
तो जाडा भिंतीकडे तोंड करून उभा असतो.
त्याला मी मारत नाही. राहू दे बिचारा."

मी काही बोलत नाही.
माझ्याही रात्रीत एक लांब कॉरिडॉर आहे.
तीनला अकरा नंबरचं दार कुरकुरतं, आइली निघते,
एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी,
टप, सुं, टप, सुं,
चौसष्ट सालची बस गाठायला.
व्हिल्यो भिंतीशी थांबून भिंतीला विचारतो,
धारा काढून झाल्या का?
दिवा न लावता मला कळतं कोण आहे ते.
गेल्या वर्षी गालिच्याखाली सेन्सर बसवले.
पाऊल पडलं की मनगटावर किर्र होतं,
नाव येत नाही, खोलीचा नंबर येतो.
मी ते घड्याळ खिशात ठेवते.
कुणाला सांगू नका.

गुरुवारी त्याचे हात आखडले होते.
"तू धर जरा," म्हणाला, "मी मोजतो."
एक. दोन. तिनावर मला जांभई आली
आणि बाईनं मला खाल्लं.
तूरे इतका हसला की कॉफी सांडली.
मग मी पुन्हा बसले. युनिफॉर्म तसाच, पाय गार.
मोजायचं सोडलं, नुसता कानोसा घेतला,
आणि आइलीच्या मागून चालते तशी चालले,
दोन पावलं अंतर ठेवून, तिला कळणार नाही असं.
जाड्याच्या पाठीमागून गेले. त्यानं वळून पाहिलं नाही.
दार उघडलं.

चार महिन्यांनी उघडलेल्या दाराबाहेर
एक मोठं पार्किंग होतं. त्यात आणखी चाळीस.
आकडा ५९ झाला. मी तूरेकडे पाहिलं.
तो पुढे झुकून पडद्याचा लांबचा कोपरा निरखत होता,
जिथं अर्धी जळकी, पिवळी बस उभी होती.
"अगं," म्हणाला, "ही बघ तुमच्या आइलीची बस."

तिला चाकं नव्हती.
तूरेनं माझ्या हातातून कंट्रोलर घेतला,
आवाज थोडा वाढवला,
आणि गप्प बसून
चाळीसांतला पहिला कुठला पाय ओढतो ते ऐकू लागला.